वितभर रुंद

भोक वितभरच रुंद.
करंगळीपासून अंगठ्यापर्यंत
माझ्या नवऱ्याचा ताणलेला पंजा,
बस, तेवढंच.
खोली मात्र बारा किलोमीटर, वर दोनशे बासष्ट मीटर.
आता त्यावर गंजकं झाकण आहे, बोल्ट पिळून बसवलेलं,
आणि झापोल्यार्नीला कुणी पाहुणे आले
की चहाआधी विचारतात,
"कापितोलिना येगोरोव्ना, खालून किंकाळ्या यायच्या म्हणे?"

यायच्या की.
पाइप वर ओढायला अठरा तास लागत.
अठराव्या तासाला सावेली ओरडायचा,
"अरे, चहा कुठाय!"

मी नमुन्यांवर आकडे घालायचे.
लाकडी पेट्या, पेट्यांत दगडाचे दंडगोल,
थंड, पाव विकायला मांडावेत तसे.
सहा किलोमीटरखालचा एक तुकडा
भिंगाखाली धरला तर त्यात
समुद्रावर तरंगणारे जीव,
मिठाच्या कणाहून बारीक.
ते जगत होते तेव्हा या भूमीला
नाव ठेवायला कुणी नव्हतं,
नावं ठेवायलाही.

सातव्या किलोमीटरला बेसाल्ट लागेल
असं पुस्तकात होतं.
लागला ग्रॅनाइटच. भेगाळलेला,
आणि भेगांत पाणी.
मॉस्कोहून आलेल्या प्राध्यापकांनी
नकाशा न बोलता गुंडाळला.
सावेली म्हणाला, "पुस्तकाला घाम फुटला."

शेवटी शेवटी एकशेऐंशी अंश.
दगड दगड राहिना.
पाइप काढला की भोक आपोआप आवळायचं,
झोपेत बाळाने मूठ मिटावी तसं.
मग पगार थांबले.
मग दिवे.

शाळेतली मुलं यायची, हातात उकडलेलं अंडं:
कवच, प्रावरण, गाभा.
सावेली विचारायचा, "सांगा, आम्ही कुठवर पोचलो?"
कुणी बोट पिवळ्यावर ठेवायचं,
लाजरं पोर पांढऱ्यावर.
तो दुसरं, न सोललेलं अंडं उचलायचा
आणि दुकानाचा जांभळा शिक्का दाखवायचा.
"ही शाई आहे ना?
हिच्या जरा खाली."

त्याच्यासाठी दोन मीटर खणायचे होते.
जानेवारी. टायर जाळून
जमीन आधी वितळवावी लागली.
दोन दिवस लागले.
हसला असता.

नोन्ना कामचात्कात असते.
तिथं प्रशांत महासागराचा अख्खा भूपट्ट
तिच्या स्वयंपाकघराखाली घुसतोय,
वर्षाला आठ सेंटीमीटर,
दार न वाजवता.
माझ्याखालचा दगड पावणेतीन अब्ज वर्षांचा,
म्हाताऱ्यांतला म्हातारा, बसल्या जागचा उठत नाही.
पायाखालची जमीन सरकली,
असं मी जन्मात दोनदा म्हणाले.
ती आठवड्यातून एकदा म्हणते,
आणि पुढे कांदा चिरत राहते.

परवा मध्यरात्री तिचा फोन.
तिकडे सकाळचे नऊ.
"आई, हलतंय."
मागे काचांची किणकिण, कपाट,
एक शिवी,
मग नुसता फोनचा सूर.

मी घड्याळ पाहिलं.
तिथून निघालेली लाट इथं यायला नऊ मिनिटं.
वरून नाही येत ती. खाली वाकते,
हजारभर किलोमीटर प्रावरणात बुडी मारते
आणि आपल्या पायांशी वर येते.
ज्याच्या उंबऱ्यालाही
आम्ही वीस वर्षांत शिवलो नाही
त्या घरातून आरपार, नऊ मिनिटांत.

गाऊन सावरून फरशीवर बसले.
पंजा ताणून टेकवला.
सात.
आठ.
नऊ.

फ्रिजची घरघर.
बाहेर बर्फावर कुणाचा तरी कुत्रा.

अकराव्या मिनिटाला फोन वाजला.
"काही नाही गं, कप फुटला फक्त. निळा."
हात अजून फरशीवरच होता.
"कळलं मला," मी म्हणाले.